काचेवरून निखळलेला आरसा: एका चिकटवणीच्या नोंदी, सोलापूर

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी होती म्हणून आप्पांना घेऊन अक्कलकोटला दर्शनाला गेलो. गाडी साडेदहापासून दोनपर्यंत उघड्या उन्हात. परत येऊन दार उघडलं तर आतला आरसा गिअरच्या दांड्यापाशी पडलेला. फुटला नव्हता, हे नशीब. सोलापूरपर्यंतचे जवळजवळ चाळीस किलोमीटर बाजूच्या दोन आरशांवर आलो. सवयीने नजर सारखी वर जायची आणि तिथे नुसतं आभाळ. बायको शाळेसाठी रोज हीच गाडी घेऊन पुणे हायवेने मोहोळला जाते, मागेपुढे ट्रक. त्यामुळे काम लांबवता येणार नव्हतं.

आमच्या गाडीत आरसा छताला स्क्रूने बसवलेला नाही. पुढच्या काचेवर आतून नखाएवढं धातूचं बटण चिकटवलेलं असतं, त्यावर आरशाचा पाय वरून खाली सरकवायचा आणि बारीक एलन स्क्रूने (षटकोनी खाचेचा स्क्रू) आवळायचा. आरशासोबत बटणही निघून आलं होतं. काचेवर जुन्या गोंदाचा पिवळसर चौकोन राहिला होता.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची दहा रुपयांची ट्यूब आणली. काच ओल्या फडक्याने पुसली, बटणाला गोंद लावला, दाबलं. अर्ध्या मिनिटात पक्कं. आरशाचा पाय सरकवायला गेलो तर जाईना. बटण उलटं लागलं होतं. ते एका बाजूला किंचित निमुळतं असतं आणि निमुळती बाजू वर हवी, म्हणजे पाय वरून सरकत येऊन खाली घट्ट बसतो. मी रुंद बाजू वर केली होती.

पकडीने हळू पिळून ते काढलं. हे मी करायला नको होतं. बटण चांगलं धरलेलं असेल तर पिळताना काचेचा कपचा निघू शकतो, आणि पुढच्या काचेचा खर्च हजारांत जातो. मला ते जमलं, कारण गोंद मुळातच धरलेला नव्हता. दुसरी ट्यूब आणून सुलट चिकटवलं आणि आरसा लगेच टांगला.

१५ एप्रिल

शाळेच्या आवारात दुपारी एकच्या सुमारास पडला. बायकोचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो.

रात्री टॉर्च लावून पाहिलं. बटणावर दोन थर होते, बटणाला लागून नवा गोंद आणि त्यावर जुना पिवळा. म्हणजे मी काचेला काही चिकटवलंच नव्हतं, जुन्या गोंदाच्या पापुद्र्याला चिकटवलं होतं. शिवाय हा गोंद सुकला की ठिसूळ होतो. उन्हात काच आणि धातू वेगवेगळ्या मापाने फुगतात, त्या ओढाताणीत ठिसूळ थर तडकतो. भोवती काचेवर पांढरी धूसर वाफही धरली होती, ती त्याच गोंदाची.

२० एप्रिल, रविवार

आज ठरवून बसलो. पहिलं काम जुना गोंद पूर्ण काढणं.

दाढीच्या ब्लेडने आडव्या कोनात खरवडलं. ब्लेड काचेला जवळजवळ झोपवून धरलं तर ओरखडा येत नाही, टोक लावलं तर येतो. नवीन ब्लेड घ्या. एक पाकीट तीस रुपयांचं, मला चार ब्लेड लागले. राहिलेला चिवट भाग नेलपॉलिश रिमूव्हरने सुटतो, कारण त्यातलं ॲसिटोन झटपट गोंदाला विरघळवतं. पण ते प्लॅस्टिकलाही विरघळवतं. माझ्या हातातल्या कापसातून एक थेंब डॅशबोर्डवर पडला आणि मी तो पुसायला गेलो. पुसल्याने डाग रुपयाएवढा झाला. तो आता कायमचा आहे. काम सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर जाड कापड किंवा जुनी चादर पसरा, मी ते नंतर केलं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. खरवडण्याआधी जुन्या चौकोनाची खूण काचेच्या बाहेरच्या बाजूने मार्करने करून ठेवायची असते. मी काच लखलखीत केली आणि मग लक्षात आलं की आता जागाच माहीत नाही. मोजपट्टी लावून काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधलं अंतर मोजलं, मध्य काढला. उंचीसाठी तासभर गेला. आप्पांना, बायकोला आणि मला आळीपाळीने सीटवर बसवून आरसा हाताने धरून पाहिला. सनव्हायझर खाली केला की आरशाला अडतो का, हेही पाहावं लागतं. पहिल्या खुणेवर अडत होता.

मग दोन ट्यूबा मिसळायचा इपॉक्सी, ७५ रुपये. दुपारी बारा वाजता. गाडी अंगणात, वर कडुनिंबाची अर्धी सावली. ‘जास्त लावला की जास्त धरेल’ म्हणून जाड थर दिला, कागदी टेपने बांधलं आणि जेवायला गेलो.

२१ एप्रिल

बटण पाऊण सेंटिमीटर खाली घसरलेलं, थोडं तिरकंही. तापलेल्या काचेवर इपॉक्सी घट्ट होण्याआधी आणखी पातळ झाला आणि बटण घेऊन ओघळला. टेपने त्याला धरलं नाही, टेपच उन्हाने सुटली होती. पण बटण मात्र दगडासारखं पक्कं वाटत होतं. तिरकं तर तिरकं, आरसा गोळ्यावर फिरवून नजरेत बसत होता. टांगला.

२६ एप्रिल

पुणे हायवेवर बाळे गावाच्या पुढे, गाडी साठच्या वेगात, रस्त्यावरच्या एका सांध्यावर दचका बसला आणि आरसा बायकोच्या मांडीवर पडला. तिने गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं थांबली आणि मग घरी आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, हे नीट होईपर्यंत मी एसटीने जाते.”

यानंतर मी घाई करणं बंद केलं. आतापर्यंत प्रत्येक वेळी मी ‘आज संध्याकाळपर्यंत’ असं ठरवून काम केलं होतं, आणि त्याचा धोका गाडी चालवणाऱ्या माणसाला झाला.

बटण तपासलं. इपॉक्सीचा सगळा थर बटणावर, काच कोरी करकरीत. गोंद मोडला नव्हता, काचेने त्याला धरलंच नव्हतं. म्हणजे काचेवर काहीतरी होतं. नंतर कारखान्यात मित्राला दाखवलं. तो शहराच्या पूर्व भागातला, मेंटेनन्समध्ये माझ्या आधीपासून. त्याने पहिला प्रश्न विचारला, “पुसलास कशानं बे?”

टॉवेलने पुसलं होतं. आमच्या कारखान्यात टॉवेलच बनतात, घरात दुसरं काय असणार. तो म्हणाला, नव्या टेरी टॉवेलचे लूप सारखे तंतू सोडतात, आणि धुताना सॉफ्टनर घातलेला असेल तर त्याचा मेणचट थर काचेवर बसतो. डॅशबोर्डला चकाकी आणणारा स्प्रे मारतोस का, हेही त्याने विचारलं. मारतो, दर महिन्याला. त्यात सिलिकॉन असतं, ते उडून काचेवर आतून बसतं आणि त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. शिवाय उन्हात बंद गाडीतलं प्लॅस्टिक स्वतःच तेलकट वाफ सोडतं. काचेवर आतून जी धूसर साय दिसते आणि समोरून दिवे आले की डोळ्यांवर येते, ती हीच. मी तिला धूळ समजत होतो. घरी आणखी एक गोष्ट होती. आम्ही काच बोअरच्या पाण्याने पुसतो आणि ते पाणी क्षारांचं आहे, वाळलं की पांढरं उमटतं.

४ मे, रविवार

शाळेला सुट्टी लागली. आता जूनच्या मध्यापर्यंत वेळ आहे.

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेसाठीचा उन्हात घट्ट होणारा गोंद दिला, १८० रुपये. “दादा, ऊन दाखवा, पाच मिनिटांत दगड.” सोलापुरात उन्हाला काय तोटा, म्हणून मलाही पटलं. काच या वेळी व्यवस्थित साफ केली, बटण खुणेवर धरलं, गाडी दुपारच्या उन्हाकडे तोंड करून उभी केली. पाच मिनिटं, वीस मिनिटं, एक तास. बटणाच्या कडेने बाहेर आलेला गोंद घट्ट झाला, खालचा मधासारखा चिकट राहिला. बोट लावलं तर बटण सरकत होतं.

कारण नंतर समजलं आणि ते सांगण्यासारखं आहे. पुढची काच एक काच नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा दाबून बसवलेला असतो. फुटली तरी तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. हा पडदा उन्हातले अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. माझ्या हातातला गोंद त्याच किरणांवर घट्ट होणारा होता. मागून बटण धातूचं, तिकडून प्रकाश शून्य. पुढून पडदा. कडेला मात्र दाराच्या उघड्या काचेतून बाहेरचा उजेड थेट पोचला, म्हणून कड घट्ट झाली. हा गोंद काचेच्या टेबलाला किंवा शोकेसला उपयोगी पडेल, इथे नाही.

साफ करायला मात्र सोपा गेला. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणलं, ११० रुपये, सगळं पुसून निघालं. सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त कामाची ठरलेली वस्तू हीच.

७ मे

बटणावर इपॉक्सीचे राहिलेले ठिपके. पकडीत धरून गॅसवर तापवलं, जळकट वास घरभर पसरला. आप्पांना खोकला लागला. हे घरात करू नका, धूर चांगला नसतो. उरलेलं कारखान्यात वायर ब्रशने काढलं.

नंतर पॉलिश पेपर. बोटाखाली पेपर धरून घासलं तर बटणाच्या कडा गोल होतात आणि मध्येच तेवढं टेकतं. मी दहा मिनिटं तसं घासून बटण बिघडवलं. मग फरशीच्या सपाट तुकड्यावर पेपर ठेवून बटण त्यावर आठच्या आकड्यासारखं फिरवलं, तेव्हा संपूर्ण पृष्ठभागावर एकसारखी चमक आली. दीडशे नंबरचा पेपर, शेवटी तीनशेवीसचा.

११ मे, रविवार

आज काही चिकटवलं नाही. फक्त मोजलं. कारखान्यातून लांबून तापमान घेणारी बंदूक आणली होती.

सकाळी सहा: काच आतून २८ अंश. नऊ वाजता: ३९. दुपारी दोन, गाडी बंद, उन्हात: काच ६१, डॅशबोर्ड ७८. संध्याकाळी सात वाजता ऊन गेल्यावरही काच ३६.

हे आकडे पाहून चार आठवड्यांतले सगळे प्रयत्न डोळ्यांसमोर आले. मी चिकटवायला कधी दुपार निवडली, कधी संध्याकाळ. दुपारी गोंद काचेला भिडण्याआधीच ओघळतो. संध्याकाळी चिकटवलं तर दुसऱ्या दुपारपर्यंत फार तर अठरा तास मिळतात आणि लगेच साठ अंशांची परीक्षा. थंड प्रदेशातल्या सूचनांत काच आधी हेअर ड्रायरने गरम करा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात नेमकं उलटं आहे, काच गार कशी ठेवायची ते पाहावं लागतं.

गार करायला मी एकदा पाण्याची बादली उचलली होती. मित्राने हात धरला. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं आणि कुठे खड्याचा बारीक टवका असेल, तर तिथून रेघ धावत जाते. आमच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात तसा टवका आहे.

आरशाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं: २६० ग्रॅम. आणि त्याच्या मानेत अडकवलेली अक्कलकोटची माळ, पदकासकट: ७० ग्रॅम. वजनापेक्षा तिचं हेलकावणं वाईट. प्रत्येक खड्ड्यात ती बटणाला मागेपुढे ओढते. माळ काढायची म्हटल्यावर आप्पा गप्प झाले. त्यांनीच ती आणली होती, गाडी घेतली त्या वर्षी. मग डॅशबोर्डवर गणपतीशेजारी छोटा कप्पा आहे, तिथे त्यांच्याच हाताने ठेवली. नेमका तो ॲसिटोनचा डाग तिच्याखाली झाकला गेला.

१८ मे, रविवार

आरशासाठीच बनवलेला गोंद मागवला होता, ३९० रुपये. त्यात दोन गोष्टी असतात: एक पातळ द्रव, जो आधी लावून वाळू द्यायचा, आणि एक बारीक ट्यूब. गोंद हवेने वाळत नाही. दोन पृष्ठभागांमध्ये दाबला गेला आणि त्या द्रवाशी भेटला की घट्ट होतो. म्हणून इथे थर जितका पातळ तितका मजबूत.

गाडी रात्रीच शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, त्यांना आधी विचारून. तिथे दिवसभर ऊन येत नाही.

पाच चाळीसला उठलो. काच २७ अंश.

बाहेरून मार्करने बटणाचा पूर्ण चौकोन आखला, वर एक बाण. बटणाच्या काचेला न लागणाऱ्या बाजूलाही बाण काढला, निमुळती बाजू कुठली ते कळायला. गोंद न लावता तीन वेळा सराव केला. पहिल्या सरावात हात थरथरला आणि बटण खुणेच्या दोन मिलिमीटर बाहेर गेलं. दुसऱ्यांदा उजवं कोपर सीटच्या पाठीला टेकवलं, तेव्हा स्थिर राहिलं. हा सराव मी पहिल्याच दिवशी केला असता तर उलटं बटण लागलं नसतं.

पुसायला आप्पांच्या जुन्या धोतराचा तुकडा. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड, तंतू सोडत नाही. आयसोप्रोपाइलने काच चार वेळा पुसली, प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू. पहिल्या दोन वेळा कापडावर करडा डाग आला, तिसऱ्यांदा फिका, चौथ्यांदा काही नाही. बटणही तसंच. त्यानंतर दोन्हींना बोट लावलं नाही. बटण चिमट्याने धरलं.

पातळ द्रव दोन्हीकडे एकेक हात, भिजेल इतका नाही. पाच मिनिटं थांबलो. ओला असताना गोंद लावला तर पकड कमी होते, आणि हा द्रव जास्त झाला तरी तोच परिणाम. मग बटणाच्या मध्यावर गोंदाचा एकच थेंब. काचेवर टेकवून अंगठ्याने दाबलं, घड्याळात पूर्ण एक मिनिट, सरकवलं नाही. कडेने किंचित गोंद डोकावला तो तसाच राहू दिला. तो पुसायला गेलं की बटण हलतं.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी गाडीतून बाहेर आलो. पाकिटावर पंधरा मिनिटांनी आरसा लावा असं लिहिलं आहे. मी लावला नाही. दार हळू लोटलं, शेड बंद केली. दार आपटून लावलं तरी बंद गाडीत हवेचा दणका काचेला बसतो, म्हणून एक काच दोन बोटं खाली ठेवली.

दिवसभर तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं. तरी दोनदा जाऊन बाहेरून खूण पाहून आलो.

१९ मे

चोवीस तास झाले. बटण खुणेत, चारही कडा जुळलेल्या. आरशाचा पाय वरून सरकवला, खडखडाट न होता बसला. एलन स्क्रू टेकेपर्यंत आणि वर पाव फेरा, एवढंच. जास्त आवळला तर स्क्रूचं टोक बटणाला काचेपासून उचलायला लागतं. हे मित्राने सांगितलं नसतं तर मी नक्की आवळला असता.

आरसा फिरवताना एक हात पायाशी धरायचा आणि दुसऱ्याने फक्त आरसा वळवायचा. घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवलं.

दुपारी मुद्दाम गाडी उन्हात लावली. दोन वाजता काच ६० अंश. चार वाजता आरसा जागेवर.

२५ मे

होटगी रोडने विमानतळापर्यंत आणि परत, प्रत्येक स्पीडब्रेकरवरून. मग विजापूर रोड. एकटाच गेलो. आरसा थरथरतही नाही, मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. पूर्वी वाचता येत नव्हता, म्हणजे मूळ बटण बऱ्याच महिन्यांपासून सैल होत असावं. आरशातलं चित्र थरथरायला लागलं की पाय आणि बटण तपासायला हवं, हे तेव्हा कळलं नाही.

खर्चाचा हिशेब. झटपट गोंद २०, रिमूव्हर ४०, इपॉक्सी ७५, उन्हाचा गोंद १८०, ब्लेड ३०, आयसोप्रोपाइल ११०, पॉलिश पेपर १५, शेवटचा गोंद ३९०. एकूण ८६० रुपये. पहिल्यापासून नीट केलं असतं तर शेवटच्या चार वस्तूंत, ५४५ मध्ये झालं असतं. वेळ सगळा मिळून अकरा-बारा तास, त्यातला कामाचा दीड तास. बायकोचे एसटीचे दिवस वेगळे.

१४ जून

दोन जोरदार पाऊस झाले. काचेवर आतून वाफ धरली, एसी लावला, पुसली. बटणाच्या कडेला पाणी किंवा पांढरेपणा नाही. चकाकीचा स्प्रे बंद केला आहे, डॅशबोर्ड ओल्या कापडाने पुसतो.

सोमवारी शाळा उघडते. काल संध्याकाळी बायको स्वतः गाडी घेऊन बाळ्यापर्यंत जाऊन आली. मी सोबत बसलो होतो. त्याच सांध्यावर गाडी दचकली तेव्हा तिने वर पाहिलं, मीही पाहिलं.

काचेबाहेरचा मार्करचा चौकोन पावसात थोडा पुसला होता. आज सकाळी पुन्हा गडद केला. बटण केसभर जरी घसरलं तरी त्यावरून दिसेल. सध्या चारही कडा बरोबर रेघेवर आहेत.